पंचवीस शब्द अन् एक वाळलेली स्लाइड

माह्या वहीत चार रकाने आहेत. पहिला मराठी, दुसरा तेलुगू, तिसरा इंग्रजी. चौथ्याच्या डोक्यावर मी लिहलं होतं, 'आपलं'. पहिले तीन भरत गेले, चौथा कितीक दिवस कोराच होता. त्याच्यात पहिला शब्द कसा आला, ते सांगायचं आहे. मी फोनवर भराभर टाईप करून राह्यली, तर कुठं घाई झाली असंल तर सांभाळून घ्या. माह्या बोटांले दम नाई.

आमचं गाव तेलंगणातलं, भीमपूर मंडलातलं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावातली शाळा मराठी, दहावीपर्यंत. तिथं मी हुशार होती, खोटं कायले सांगू. पेशी म्हणजे काय, तिच्यात केंद्रक असते, तिच्याभवती भित्तिका असते, हे मले झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मंग आदिलाबादच्या कॉलेजात बायपीसीले नाव घातलं, म्हणजे जीवशास्त्राचा ग्रुप, अन् पहिल्याच हप्त्यात मी ढ झाली. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं तेलुगूत. बॉटनीच्या मॅडम फळ्यावर लिहायच्या 'सेल', तोंडानं म्हणायच्या 'कणं', अन् माह्या डोक्यात तोवर 'पेशी' येऊन उभी राह्यलेली. तीन बाया एकाच दारातून एकदम आत शिरायले पाह्यतात न, तसं व्हायचं. त्या तिघी आत येईपर्यंत मॅडम पुढच्या पानावर गेलेल्या असायच्या.

तेलुगू मले येत नाई असं नाई. बाजारात 'एंत', म्हणजे केवढ्याले, असं विचारता येते, बसमध्ये 'दिगालि' म्हणून उतरता येते. पण बाजारात पेशीचा विषय कधी निघत नाई न!

पहिल्या टेस्टमध्ये मले पंचवीसपैकी तीन पडले. त्यातले दोन आकृतीचे. मॅडमनं वर्ग सुटल्यावर मले थांबवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या, अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी. म्हणाल्या, मराठी शाळेतल्या पोरी आर्ट्सले गेल्या की पास होतात, इथं राह्यल्या की दोन वर्षं रडतात अन् मंग घरी बसतात. दिवाळीपर्यंत ग्रुप बदलता येते, त्याच्यानंतर येत नाई. तू बदल.

मी म्हटलं, "नाई मॅडम. मले नर्सिंग करायचं आहे."

हे मी काऊन म्हटलं ते सांगते. आमच्या गावात दवाखान्याचं उपकेंद्र आहे. तिथल्या सिस्टर तेलुगू बोलतात. बिचाऱ्या हात लावून, खुणा करून समजून घेतात, पण पोटात कालवते अन् पोटात मुरडते ह्याच्यातला फरक खुणेनं कसा सांगाल? तर मी सातवीत असल्यापासून गावातल्या बाया मले घेऊन जात. मी मधात उभी राहून इकडचं तिकडं करायची. एकदा एका काकूनं अशी गोष्ट सांगतली का मी लाजून अर्धीच सांगतली, अन् त्या काकूले चुकीची गोळी भेटली. फार काही झालं नाई, दोन दिवस चक्कर आली. पण तवापासून माह्या मनात बसलं का मधात उभं राह्यचं नाई, त्या खुर्चीवरच बसायचं. अन् ती खुर्ची बायपीसीशिवाय भेटत नाई.

मॅडमनं टेबलाच्या खणातून ग्रुप बदलायचा फॉर्म काढला, माहा रोल नंबर त्याच्यावर पेन्सिलनं लिहला, अन् फॉर्म परत खणात ठेवला. म्हणाल्या, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर ये. पेशीच्या धड्यातले पंचवीस शब्द विचारीन. अन् कांद्याच्या सालीची एक स्लाइड, तुझ्या हातची. दोन्ही जमलं तर थांब. नाई तर हा फॉर्म ऑफिसात जाईल."

सुट्टीत घरी आली तर शेतात कापसाचा पहिला वेचा सुरू व्हायचा होता. आमच्याकडं पहिल्या वेच्याच्या दिवशी पऱ्हाटीले दहीभात ठेवतात, हात जोडतात, मंगच बोंडाले हात लावतात. ते झालं अन् मायनं माह्या कमरेले फडक्याची झोळी बांधली. म्हटली, "तुहे शब्द तोंडात आहेत न? हात रिकामे आहेत. चाल."

माय शाळेत गेली नाई. पण तिनं शब्दांची जिम्मेदारी घेतली. सकाळी तिनं पंचवीस सरक्या, म्हणजे कापसाच्या बिया, मोजून पदराच्या गाठीत बांधल्या. मी एक शब्द तिन्ही भाषेत म्हटला, मंग त्याचा अर्थ सांगतला, का एक सरकी खाली टाकायची. अर्थ तिले पटला नाई तर सरकी गाठीतच. आता तिले पटवणं म्हणजे मॅडमले पटवण्यापेक्षा भारी काम.

"तंतुकणिका," मी म्हटलं. "मैटोकांड्रिया. पेशीले ताकद बनवून देते."

"कशापासून?"

"अन्नापासून."

"म्हणजे चूल."

"हाव, चूलच समज."

"एका पेशीत चुली किती?"

"लय. शेकड्यानं."

"बाप्पा! एका घरात शंभर चुली? भावाभावांचं भांडण दिसते तिथं!" अन् ती सरकी टाकायची.

बाजूच्या ओळीतल्या काकू कान देऊन राह्यल्या होत्या. त्या म्हणायच्या, "ओ सिस्टरबाई, शब्द मोजत मोजत ओळ मागं राह्यली तुमची! आमी बांधाले पोचलो."

"काकू, तुमच्या अंगात किती पेशी आहेत माहीत आहे का?"

"माह्या अंगात आहे ते कमरेचं दुखणं. त्याचा शब्द सांग तेलुगूत, सिस्टरले सांगायच्या कामी येईल."

तो शब्दही मी त्या दिवशी शोधला. पंचवीसमध्ये नव्हता तरी.

एक शब्द मले सगळ्यात आवडायचा, कारण तो दोन्हीकडं जवळपास सारखाच. आपण म्हणतो रिक्तिका, तेलुगूतही रिक्तिकच म्हणतात. अनोळखी गावात आपल्या पाहुण्याचं घर भेटावं तसं वाटायचं. पेशीच्या आत पाण्यानं भरलेली पिशवी, मी धडाधड म्हणायची. मायनं त्याची सरकी पहिल्याच दिवशी टाकली. तिनं बी काही विचारलं नाई अन् मी बी विचार केला नाई.

आमच्या घरी पाण्याशी एकच नातं, कापसाच्या बाबतीत म्हणते मी. पाणी म्हणजे दुश्मन. दव वाळल्याशिवाय पऱ्हाटीत हात घालायचा नाई. वेचलेला कापूस अंगणात पसरायचा, फिरवायचा, पुन्हा पसरायचा. मार्केटमध्ये व्यापारी गाडीत मशीन खुपसून ओल पाह्यतो, अन् काटा जरा वर गेला का तोंड वाकडं करतो. म्हणून माय पहिलेच मूठभर कापूस गालाले लावून पाह्यते. मंग एक सरकी दाताखाली धरते. कट्ट वाजली का वाळला. नाई वाजली का पुन्हा उन्हात. हे मी पाळण्यात असल्यापासून पाह्यलं आहे. हे शिकावं लागत नाई, हातात उतरते. अन् हातात उतरलेलं कधी कुठं बाहेर निघंल, काही सांगता येत नाई.

सुट्टी संपली. निघताना मायनं पुन्हा पंचवीस सरक्या मोजून माह्या बॅगेत टाकल्या. दुपारच्या प्रॅक्टिकलले मॅडमनं पहिले शब्द विचारले. लॅबमध्ये माही बेंचवाली मैत्रीण होती, आदिलाबादचीच, तेलुगू घरची, तोंडाची फटकळ पण मनाची चांगली. ती बोटं मोजून राह्यली होती. मी एकामागून एक सांगत गेली. पंचवीसच्या पंचवीस! मैत्रिणीनं टेबलाखालून माह्या मांडीले चिमटा घेतला. मॅडम फक्त म्हणाल्या, "आता स्लाइड."

स्लाइडची कृती मले पाठ होती. कांद्याची आतली पातळ साल काढायची, काचेवर ठेवायची, रंगाचा थेंब टाकायचा, पाण्याचा थेंब टाकायचा, वरून छोटी काच ठेवायची, जास्तीचं पाणी टिपून घ्यायचं. पाठ होती पण केलेली नव्हती. पहिल्यांदा मॅडमनं करून दाखवलं तवा मायक्रोस्कोपभवती चाळीस पोरी होत्या, मले वेण्याच दिसल्या होत्या.

साल मस्त निघाली, कांद्याच्या सालीले मी काय भिते का! रंग टाकला, पाणी टाकलं. मंग वहीत लिहलेलं आठवलं, जास्तीचं पाणी टिपा. मी टिपलं. अजून थोडी ओल दिसली, पुन्हा टिपलं. साल चमकून राह्यली होती, म्हणजे ओली आहे. मी ओढणीच्या कोपऱ्यानं हळूच दाबलं. मंग खिडकीत ऊन येत होतं तिथं काच नेऊन धरली. आमच्या आदिलाबादचं दसऱ्यानंतरचं ऊन बी काही कमी नाई. धरली, फुंकली, पालटून पुन्हा धरली. मैत्रीण म्हणाली, "ए, काय करून राह्यली?" मी म्हटलं, "थांब, चांगली करून राह्यली." सरकीसारखी चावून पाह्यची सोय असती तर तेही केलं असतं. साल कागदासारखी कोरडी झाली तवा मले समाधान वाटलं. वरून छोटी काच ठेवली अन् मॅडमपुढं नेली.

मॅडमनं मायक्रोस्कोपात डोळा लावला. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मंग बाजूले सरकल्या. "नीळ्ळेवि?" म्हणाल्या. पाणी कुठं आहे?

मी पाह्यलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपात पाह्यलं ते हे. पुस्तकात विटांसारख्या रचलेल्या पेशी असतात न, तसं काहीच नाई. चुरगळलेल्या रेघा, एकीवर एक पडलेल्या, मधात हवेचे काळे गोळे. केंद्रक नाई, काही नाई. वारं सुटल्यावर मंडप पडते तसं.

"एंडबेट्टावा?" मॅडमनं विचारलं. उन्हात वाळवली का तू?

मी मान हलवली. मैत्रिणीच्या तोंडून हासू फुटलं, मंग तिनं हात ठेवून दाबलं.

"एंदुकु?"

काऊन, ते कोणत्या भाषेत सांगू? मले सांगताच येईना. मी एकदम मराठीतच सुटली. मॅडम, ओली ठेवली तर खराब होते न. आमच्याकडं ओली वस्तू कोणी घेत नाई. मंग हिंदीत तेच. मैत्रिणीनं तेलुगूत केलं. तवा मले ध्यानात आलं का आता मधात दुसरंच कोणी उभं आहे अन् मी त्या चुकीच्या गोळीवाल्या काकूच्या जागी आहे. मी माहं दुखणं सांगून राह्यली अन् ते अर्धंच पोचून राह्यलं. रडू येऊन राह्यलं होतं. खणातला तो फॉर्म दिसून राह्यला होता.

मॅडमनं स्टूल पुढं ओढलं. "बस. आत काय झालं ते मले सांग. कोणत्याही भाषेत सांग. पण ते पंचवीस शब्द वापरून सांग."

मी पुन्हा डोळा लावला. अन् काय झालं सांगू, त्या चुरगळलेल्या रेघा पाहून मले पहिल्यांदा त्या शब्दांचं काम पडलं. तोवर ते शब्द मोजायच्या सरक्या होत्या. टाकल्या का संपल्या. आता एकएक उचलून लावावा लागत होता. मी म्हटलं, रिक्तिक, त्याच्यात पाणी असते. मी उन्हात धरली, पाणी गेलं. पाणी गेलं तर आतून दाबणारं कोणी राह्यलं नाई. पेशीद्रव्य आवळलं. पटल आवळलं. सेल वॉल, भित्तिका, ती... ती एकटी कशी उभी राहील? ती पडली. म्हणजे नुसत्या भिंतीमुळं पेशी उभी नाई मॅडम. पाण्यामुळं बी उभी आहे.

कोणता शब्द कोणत्या भाषेत गेला मले आठवत नाई. मैत्रिणीले मधात बोलावं लागलं नाई, एवढं आठवते.

मॅडमनं मान हलवली. मंग त्यांची नजर माह्या ओढणीवर गेली. तिथं कापसाचा एक पुंजका चिकटून राह्यला होता, शेतातून आलेला. आमच्या कपड्यांवर ते असतेच, कोणी झटकत बी नाई. मॅडमनं त्याच्यातला एक केस चिमट्यानं ओढला, काचेवर ठेवला, पाण्याचा थेंब टाकला अन् मले पाह्य म्हणाल्या. पीळ पडलेली, चपटी फीत दिसली. लांबच लांब, एका टोकाकडून दुसरीकडं नुसती फीत. मधात कुठं आडवी भिंत नाई.

"ओक्कटे कणं," मॅडम म्हणाल्या. एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांब वाढत जाते, बोंड बंद असते तवा आत पाण्यानं भरलेली असते, नळीसारखी फुगलेली. बोंड फुटते, पाणी उडून जाते, पेशी मरते, चपटी होते, पीळ खाते. त्याचाच तो कापूस.

मी डोळा काढू शकली नाई. मायक्रोस्कोपाशिवाय पेशी दिसत नाई, असं मी दहावीत लिहून मार्क घेतले होते. अन् पाळण्यात होती तवापासून माह्या भवती पेशींचे ढीगच्या ढीग पडले होते.

मॅडमनं नवीन काच दिली. मी दुसरी स्लाइड केली, पाणी राहू दिलं. हात दोनदा ओढणीकडं गेला, दोनदा मागं घेतला. ह्या वेळी विटा दिसल्या. केंद्रक बी दिसलं, लालसर ठिपका, कडेले सरकून बसलेला. मॅडमनं पाह्यलं, "हां," म्हणाल्या, अन् हात धुवायले निघून गेल्या. खण उघडलाच नाई. मैत्रीण म्हणाली, "झालं वं, पास!" मी म्हटलं, "काय माहीत. अट एका स्लाइडची होती, दोनची नाई."

सांजच्याले हॉस्टेलच्या गच्चीवरून मायले फोन लावला. ती अंगणात होती, मागं बकरी ओरडून राह्यली होती.

"शब्द?"

"पंचवीस."

"अन् ते कांद्याचं?"

"वाळवली मी, माय."

माय म्हणते, "मंग चांगलंच केलं न?"

मी सगळं सांगतलं. कापसाचंही सांगतलं. एकेक केस म्हणजे एकेक पेशी, अन् बोंड फुटते तवा ती मेलेली असते. मी म्हटलं, "हॅलो?"

"आहे न. मुठीत कापूस धरून पाहून राह्यली." मंग म्हणे, "म्हणजे आमी वेचतो ते मेलेलं. पाणी गेलं म्हणून मेलं."

"हाव."

"अन् सरकी?"

"सरकी काय?"

"सरकी बी वाळूनच ठेवतो. दाताखाली कट्ट वाजेस्तोवर वाळवतो. पहिले घरचीच सरकी शेणात घोळून पेरायचे, आता पाकिटातून येते, ती बी कोरडीठाकच. पण पाणी पडलं का उगवते. तिच्यात बी तुही ती पिशवी असंल न? तिचं पाणी गेलं तर ती काऊन मरत नाई?"

पंचवीसपैकी एकही शब्द तिथं लावता येईना. मायनं म्हटलं, "विचार तुह्या मॅडमले. वर्गात ठेवली तर विचार." अन् बकरीवर ओरडली अन् फोन ठेवला.

मी वही उघडली. चौथ्या रकान्यात, रिक्तिकेच्या ओळीत, पहिल्यांदा लिहलं: आतली ओल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉटनीचा पहिला तास. मॅडमनं हजेरी घ्यायले सुरुवात केली. माहा नंबर एकेचाळीस. सदतीस, अडतीस. वर्गातली एक पोरगी दुसऱ्या कॉलेजात गेली होती, तिचा नंबर मॅडम न वाचता सोडून देत. एकोणचाळीस. चाळीस. मॅडमनं रजिस्टरवरून बोट खाली नेलं.

"फॉर्टी वन."

"प्रेझेंट मॅडम!" मी एवढ्या जोरात ओरडली का मागच्या बेंचावरच्या पोरी हासल्या. मैत्रिणीनं माह्या कुर्त्याले धरून खाली ओढलं. पण मी बसली नाई. बेचाळीस झालं, त्रेचाळीस झालं, हजेरी संपली, मी उभीच. मॅडमनं चष्म्यावरून पाह्यलं.

"काय?"

"मॅडम, डाऊट आहे." वर्गात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तेलुगूत विचारलं, चुकत, अडखळत, मधात दोन शब्द मराठीचे घालून. कापूस वाळला का मरते, तर सरकी वाळली तरी जिवंत कशी राह्यते?

मॅडमनं उचललेला खडू टेबलावर ठेवला. पुस्तक बी बंद केलं.

"हा कोणाचा डाऊट आहे?"

"माह्या मायचा."

"कूर्चो," मॅडम म्हणाल्या, अन् मी बसली. मंग त्या आमच्या बेंचाजवळ आल्या, हात पुढं केला अन् म्हणाल्या, "सरकी आहे का कोणाजवळ?"

माह्या बॅगेच्या तळाले होत्या. पंचवीस.